२०२५ मधले माझे आवडते विमान-क्षण आणि त्यामागचं विज्ञान

क्रिकेटवेड्या माणसाला विचारा, वर्षातल्या टॉप पाच इनिंग्ज तो झोपेतही सांगेल. विमानवेड्यांचंही तसंच असतं. कुठलं विमान कुठे दिसलं, कुठल्या रनवेवर उतरलं, आकाश कसं होतं, सगळं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या छंदाला प्लेन स्पॉटिंग म्हणतात. मी ठाण्यात राहतो आणि गेली बरीच वर्षं हा उद्योग करतोय.

२०२५ हे वर्ष आपल्यासाठी फार वेगळं होतं. एक जुनं लढाऊ विमान निवृत्त झालं, नाशिकमध्ये नवं विमान उडालं, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. आणि दोन अशा घटना घडल्या की या छंदाकडे बघायची नजरच बदलली. या लेखात वर्षातले माझे खास क्षण सांगतो. काही मी स्वतः बघितले, काही तुमच्यासारखेच स्क्रीनवर. प्रत्येक क्षणामागचं तंत्रज्ञानही सोप्या भाषेत समजून घेऊ. शेवटी, तुम्हाला हा छंद सुरू करायचा असेल तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, तेही सांगतो.

१. येलहंका: सुखोई-५७ चा हवेतला ब्रेक

१० ते १४ फेब्रुवारीदरम्यान बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर एरो इंडियाचा १५ वा सोहळा झाला. या वेळचं आकर्षण म्हणजे अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७, ही दोन्ही पाचव्या पिढीची विमानं एकाच तळावर आली होती. असं दृश्य जगात सहसा बघायला मिळत नाही.

मला सगळ्यात जास्त भावलं ते सुखोई-५७ चं कमी वेगातलं उड्डाण. एवढं मोठं दोन इंजिनांचं धूड नाक वर करून जवळजवळ थांबल्यासारखं होतं आणि तरी खाली पडत नाही! हे कसं जमतं?

विमानाला हवेत धरून ठेवतो तो पंख. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन वाढवत नेला की उचल वाढत जाते. पण साधारण १५ ते २० अंशांच्या पुढे गेलं की पंखावरची हवा सुटते आणि उचल अचानक कमी होते. याला स्टॉल म्हणतात. स्टॉल झाला की शेपटीवरची आणि पंखांवरची हलणारी पाती नीट काम करत नाहीत, कारण त्यांना काम करायला वाहती हवाच मिळत नाही. सुखोई-५७ च्या इंजिनांची मागची तोंडं वळवता येतात. म्हणजे हवा मदत करत नसली तरी इंजिनाच्या झोताने विमानाचं नाक हवं तिकडे फिरवता येतं. होडी चालवताना वल्ह्याऐवजी मागची मोटरच वळवावी, तसंच काहीसं.

आपली सूर्यकिरण टीमही जोरात होती. नऊ हॉक विमानं एकमेकांपासून काही मीटरवर उडताना बघितली की पोटात गोळा येतो. सारंग हेलिकॉप्टर टीम मात्र या वेळी दिसली नाही. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुव हेलिकॉप्टरला अपघात झाला आणि त्यानंतर सगळी ध्रुव हेलिकॉप्टर्स जमिनीवर ठेवली होती.

एअर शो बघायला जाणार असाल तर एक टीप. लढाऊ विमान आवाजाच्या दिशेला शोधू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर तुम्ही ऐकताय तो आवाज तीन सेकंदांपूर्वीचा आहे. तेवढ्या वेळात विमान कुठल्या कुठे निघून गेलेलं असतं. त्यामुळे नजर आवाजाच्या पुढे ठेवायची.

२. तिरुवनंतपुरमचा पाहुणा

हा क्षण मी फोटोंमध्येच बघितला, पण यादीत हवाच! १४ जूनला ब्रिटिश नौदलाच्या एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स या विमानवाहू जहाजावरचं एक एफ-३५बी विमान तिरुवनंतपुरमला उतरलं. नंतर त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला आणि साहेब पाच आठवड्यांहून जास्त काळ तिथेच मुक्कामाला राहिले. जगातलं एक अतिशय महागडं लढाऊ विमान केरळच्या पावसात उघड्यावर उभं! केरळ पर्यटन विभागानेसुद्धा संधी सोडली नाही, त्यावरून धमाल जाहिरात केली. जुलैमध्ये इंग्लंडहून तंत्रज्ञांची तुकडी आली, विमान हँगरमध्ये नेलं आणि २२ जुलैला ते परत उडालं.

एफ-३५ चे तीन प्रकार आहेत. त्यातला 'बी' प्रकार छोट्या धावपट्टीवरून उडतो आणि सरळ खाली उतरू शकतो. पायलटच्या मागे एक मोठा उभा पंखा बसवलेला असतो. इंजिनापासून निघालेला दांडा हा पंखा फिरवतो आणि त्याच वेळी मागचं इंजिनाचं तोंड जमिनीकडे वळतं. पुढे पंखा आणि मागे इंजिन, अशा दोन आधारांवर विमान हवेत तरंगतं. यंत्रणा जितकी गुंतागुंतीची, तितकी तिची दुरुस्ती अवघड. साध्या गॅरेजमध्ये होणारं काम नाही हे.

३. मुंबईचा पाऊस आणि पंखावरचे ढग

माझा वर्षभरातला सगळ्यात हक्काचा सीझन म्हणजे मुंबईचा पावसाळा. घाटकोपरला मावसभावाच्या बिल्डिंगची गच्ची आहे. २७ नंबरच्या रनवेवर उतरणारी विमानं त्या बाजूने येतात. जुलैमध्ये दोन रविवार मी छत्री, दुर्बीण आणि वहिनींनी दिलेला चहाचा थर्मास घेऊन तिथे बसलो होतो.

रनवेला २७ का म्हणतात? रनवेची दिशा होकायंत्रावर बघायची आणि शेवटचं शून्य काढून टाकायचं. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड. तोच रनवे उलट्या दिशेने वापरला तर तो होतो ०९. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी लागतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात.

पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास बघायला मिळतात.

पहिली, पंखावर अचानक तयार होणारा पांढरा पट्टा. बरेच जण घाबरून "धूर येतोय" म्हणतात. तो धूर नसतो. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की त्याचे थेंब बनतात. म्हणजे पंखावर क्षणभर एक छोटा ढग तयार होतो! फ्लॅपच्या टोकांवरून निघणाऱ्या बारीक पांढऱ्या दोऱ्याही याच कारणाने दिसतात. फेब्रुवारीत येलहंकाची हवा कोरडी, तिथे भारीतलं लढाऊ विमानही हे एवढं सहज दाखवत नाही. मुंबईत जुलैमध्ये साधी इंडिगोची फ्लाईटसुद्धा दाखवून जाते.

दुसरी, खेकड्यासारखं तिरकं येणारं विमान. वारा बाजूने असेल तर पायलट नाक थोडं वाऱ्याकडे वळवून ठेवतो. विमान तिरकं दिसतं पण सरकतं रनवेच्या रेषेतच. चाकं टेकायच्या बेताला पायलट नाक सरळ करतो. हे सगळं शेवटच्या काही सेकंदांत.

कधी विमान खाली येतं आणि न टेकता पुन्हा वर जातं. आतल्या प्रवाशांचा जीव वर-खाली होतो. पण याला गो-अराऊंड म्हणतात आणि ती अगदी नेहमीची, सुरक्षित गोष्ट आहे. रनवे नीट दिसला नाही, वारा बदलला किंवा पुढचं विमान रनवेवरून हटलं नाही, की पुन्हा एक फेरी. असा निर्णय घेणाऱ्या पायलटचे आभारच मानायला हवेत.

४. मिग-२१ चा निरोप आणि ओझरचं नवं विमान

२६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ मध्ये ते याच चंदीगडमध्ये हवाई दलात आलं होतं. आपलं पहिलं स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान लढाऊ विमान. हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः निरोपाच्या कार्यक्रमात मिग उडवलं. शेवटी विमानांवर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. मी हे ऑफिसात मोबाईलवर लाईव्ह बघत होतो आणि शेजारच्या टेबलवरचे काकाही येऊन उभे राहिले. त्यांचे वडील ओझरला नोकरीला होते.

कारण मिग-२१ चं नातं महाराष्ट्राशी थेट आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तोच मिग बनवण्यासाठी. आजही तिकडे लोक 'ओझर मिग' असंच म्हणतात. विमानाचं नाव गावाला चिकटलं!

मिगचा पंख त्रिकोणी, म्हणजे डेल्टा, आणि खूप छोटा. आवाजापेक्षा जास्त वेगात असा पंख फार चांगला, कारण हवेचा अडथळा कमी. पण उतरताना तोच पंख त्रास देतो. कमी वेगात तो पुरेशी उचल देत नाही, म्हणून उतरतानाही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. पायलटला विचार करायला वेळ कमी, चुकीला जागा त्याहून कमी. हवाई दलाने सहा दशकांत मिगचे अनेक अपघात बघितले, अनेक तरुण पायलट गमावले. त्यामुळे निरोपाच्या दिवशी अभिमान होता तसं दुःखही होतं.

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, त्याच ओझरमधून नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते तेजसच्या तिसऱ्या उत्पादन लाईनचं उद्घाटनही झालं. या लाईनवर वर्षाला आठ विमानं बनवायची क्षमता आहे.

तेजसचा पंखही डेल्टाच, पण विचार पूर्ण वेगळा. तेजसला मागे आडवी शेपटी नाही आणि ते मुद्दाम 'अस्थिर' बनवलंय. म्हणजे सोडून दिलं तर ते स्वतःहून सरळ उडणार नाही. मग असं का बनवलं? सायकल विचारात घ्या. तीनचाकी स्थिर असते पण झटकन वळत नाही. दोनचाकीचा तोल सांभाळावा लागतो, म्हणूनच ती चपळ असते. तेजसमध्ये हा तोल संगणक सांभाळतो. पायलट स्टिक हलवतो तेव्हा तो फक्त सांगतो की त्याला काय हवंय. कुठलं पातं किती हलवायचं ते संगणक ठरवतो. याला फ्लाय-बाय-वायर म्हणतात.

हे सगळं फक्त शो म्हणून बघू नका. मिग गेल्यावर हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वॉड्रन उरल्या, मंजूर संख्या आहे ४२. अमेरिकेहून येणाऱ्या एफ-४०४ इंजिनांना उशीर झाल्याने तेजसची डिलिव्हरी रखडली. म्हणून ओझरच्या रनवेवरून उडालेलं ते एक विमान इतकं महत्त्वाचं वाटलं.

५. ज्या दोन घटना यादीत नको होत्या

'आवडते क्षण' म्हणायचं आणि या दोन घटना गाळायच्या, हे प्रामाणिक होणार नाही.

१२ जूनला अहमदाबादहून लंडन गॅटविकला निघालेलं बोईंग ७८७ उड्डाणानंतर अर्ध्या-एक मिनिटाच्या आत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. विमानातला फक्त एक प्रवासी वाचला.

पहिल्या तासाभरातच मोबाईलवर काढलेले व्हिडिओ फिरायला लागले. काही जाणकारांनी आवाज ऐकून सांगितलं की 'रॅट' बाहेर आलेलं असावं. रॅट म्हणजे विमानाच्या पोटाखालून बाहेर येणारा छोटा पंखा. मुख्य वीज किंवा हायड्रॉलिक दाब गेला की तो आपोआप बाहेर पडतो, समोरच्या वाऱ्यावर फिरतो आणि अगदी गरजेपुरती ऊर्जा देतो. जुलैमध्ये प्राथमिक अहवाल आला, तेव्हा विमानतळाच्या सीसीटीव्हीत रॅट बाहेर आलेलं दिसतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्याचंही त्यात आहे.

इथे एक फरक लक्षात घ्या. "रॅट बाहेर आहे" हे निरीक्षण होतं, आणि ते बरोबर निघालं. पण "म्हणजे अमक्याचीच चूक" हा निष्कर्ष होता, आणि तो काढायचा अधिकार तपास करणाऱ्यांचा आहे. सोशल मीडियावर मात्र दोन्हींची सरमिसळ झाली. गेलेल्या वैमानिकांची घरची माणसं हे सगळं वाचत होती.

दुसरी घटना २१ नोव्हेंबरची. दुबई एअर शोच्या शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक करताना तेजस कोसळलं. विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. २०२४ मध्ये जैसलमेरजवळ एक तेजस पडलं होतं, तेव्हा पायलट सुखरूप बाहेर पडला होता. तेजसच्या अपघातात पायलट गमावण्याची ही पहिलीच वेळ. हवाई दलाने चौकशीचे आदेश दिले.

एअर शोमधलं उड्डाण इतकं कठीण का असतं? साधं गणित आहे. उंची म्हणजे बँकेतली शिल्लक. दहा हजार मीटरवर काही बिनसलं तर सावरायला वेळ असतो. प्रेक्षकांना दिसावं म्हणून प्रात्यक्षिक काहीशे मीटरवर करावं लागतं, तिथे शिल्लक फार थोडी. त्यात वळताना शरीरावर येणारा भार. ७० किलोच्या माणसाला ८ जी मध्ये स्वतःचं वजन ५६० किलो वाटतं. मेंदूकडे जाणारं रक्त खाली खेचलं जातं. अशा अवस्थेत पायलट सेकंदा-सेकंदाचा हिशोब करत असतो.

दुबईत प्रेक्षकांना इजा झाली नाही, त्यामागे जुन्या अपघातांचे धडे आहेत. १९५२ मध्ये इंग्लंडच्या फार्नबरो शोमध्ये विमान हवेत तुटलं आणि तुकडे प्रेक्षकांत पडले, २९ प्रेक्षक गेले. १९८८ मध्ये जर्मनीत रामस्टाईनला विमानं एकमेकांवर आदळली आणि त्यातलं एक गर्दीत शिरलं, ७० जण गेले. आज प्रेक्षकांपासून ठराविक अंतरावर एक रेषा आखलेली असते आणि कसरती त्या रेषेपलीकडेच करायच्या असतात. एअर शोमध्ये तुम्हाला "विमान अजून जवळून का जात नाही?" असं वाटलं, तर उत्तर हे आहे.

त्या दिवशी मलाही तो व्हिडिओ सात-आठ ग्रुपवर आला. मी पुढे पाठवला नाही. तुम्हीही असे व्हिडिओ पाठवू नका, एवढीच विनंती.

६. नवी मुंबई: नकाशावरचा नवा ठिपका

वर्षाचा शेवट गोड झाला. ८ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला नियमित विमानसेवा सुरू झाली. पहिली फ्लाईट बंगळुरूहून आली. नाताळची सुट्टी, मी घरी लाईव्ह मॅप उघडून बसलो होतो. पनवेल-उलवे भागात जिथे इतकी वर्षं नकाशा मोकळा असायचा, तिथे एक छोटं पिवळं विमान सरकत आलं आणि थांबलं. घरच्यांना कळेना की हा एवढा खूश का झालाय!

या एका रनवेसाठी उलवे टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावांनी आपली जमीन-घरं सोडली. तिथून पहिल्यांदा उडताना खिडकीतून खाली बघाल तेव्हा हे आठवा.

आता प्रश्न असा की मॅपवर विमान दिसतं कसं? अनेकांना वाटतं रडारमुळे. प्रत्यक्षात विमान स्वतःच आपली माहिती ओरडून सांगत असतं. उपग्रहांवरून विमानाला आपली जागा कळते. मग ते आपला क्रमांक, जागा, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर सतत प्रसारित करतं, जागा तर सेकंदाला साधारण दोनदा. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. हा संदेश कुलूपबंद नसतो, कोणीही ऐकू शकतो. जगभर हजारो हौशी लोकांनी घरच्या गच्चीवर छोटे अँटेना लावलेत. ते ऐकलेली माहिती इंटरनेटवरून पाठवतात आणि फ्लाइटरडार२४ सारखी ॲप्स त्याचा नकाशा बनवतात. काही हजार रुपयांत असा रिसीव्हर तुम्हीही लावू शकता.

मग विमान कधी मध्येच गायब का होतं? बहुतेक वेळा कारण साधं असतं. हे संदेश सरळ रेषेत जातात. विमान डोंगराआड गेलं, फार खाली आलं किंवा जवळपास रिसीव्हरच नसला, की ठिपका जातो. लष्करी विमानं तर अनेकदा जागा सांगतच नाहीत. तेव्हा ठिपका गेला म्हणून लगेच काळजी करू नका.

छंद सुरू करायचाय?

- साधनं: सुरुवातीला ८×४२ ची दुर्बीण आणि एक ट्रॅकिंग ॲप पुरे. महागडा कॅमेरा नंतर.
- फोटो: जेट विमानासाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. पंख्याच्या विमानासाठी १/२५० च्या आसपास, नाहीतर पंखा थांबलेला दिसतो आणि विमान खेळण्यासारखं वाटतं.
- ओळख: इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसले आणि पंख लांब, बारीक असले तर ७८७. कॉकपिटच्या काचांभोवती काळा 'गॉगल' असेल तर बहुधा ए-३५०. मागे प्रत्येक बाजूला सहा-सहा चाकं आणि फक्त दोन इंजिनं असतील तर बहुधा ७७७. इंजिनाची खालची बाजू चपटी असेल तर ७३७.
- कान: एअर शोला इअरप्लग न्याच, लहान मुलांसाठी तर नक्कीच.

आणि आता महत्त्वाचं. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. अशा ठिकाणी विमानातून किंवा कुंपणाबाहेरून फोटो काढू नका. मे महिन्यातल्या तणावानंतर डीजीसीएने याबाबत विमान कंपन्यांना पुन्हा स्पष्ट सूचना दिल्या आहेत. इतर विमानतळांवरही सुरक्षारक्षकाने हटकलं तर वाद न घालता निघून जायचं. विमानतळाजवळ ड्रोन उडवायचा नाही, विमानाकडे लेझर मारायचा नाही. लष्करी विमानांच्या हालचाली ग्रुपवर टाकायच्या नाहीत, लाईक्स कितीही मिळोत. परक्या बिल्डिंगच्या गच्चीवर जायचं तर सेक्रेटरींना आधी विचारायचं.

मुंबई-पुणे-नाशिकच्या मुलांना घरबसल्या बघता येईल इतकं आज आपल्या आकाशात चाललंय. येत्या रविवारी घरावरून जाणारं एखादं विमान निवडा. ॲपवर त्याचं मॉडेल बघा, ते कुठून आलं आणि कुठे चाललंय ते शोधा. घरात लहान मूल असेल तर त्यालाही जवळ बसवा. पुढचं विमान कुठलं, हे ते मूल तुमच्या आधी ओळखेल, याची मी खात्री देतो.

तुमचा या वर्षातला विमान-क्षण कुठला? कुठे, कधी आणि काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा.